शूर्पारक बंदर आणि त्याचे दाते



नालासोपारा म्हटले की पश्चिम रेल्वेचे गर्दीने ओसंडणारे स्थानक डोळ्यांसमोर येते. इ.स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथाने कल्याण व चौल यांच्यासमवेत नोंदविलेले शूर्पारक बंदर ते हेच, याची जाणीव फार थोड्यांना असते. वसईची खाडी आणि वैतरणा यांच्या मधील जलमार्गावर ते वसले होते. पुढे गाळ साचला आणि गलबते दुरावली.

गावाजवळच्या एका उंचवट्याला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. शूर्प म्हणजे सूप आणि सूप विणणारा तो बुरूड. लोकस्मृतीने नगरीचे नाव असे जपले असावे. जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 साली तेथे उत्खनन केले, तेव्हा कोट नव्हे, बौद्ध स्तूप निघाला. आतील दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक होते. सर्वांत आतल्या सुवर्ण करंडकात मातीच्या पात्राचे 13 लहान तुकडे! त्याच वर्षी भातेला तलावाजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नववा 1956 साली भुईगाव येथे मिळाला. स्तूपातील वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. सोपाऱ्याचा ठेवा सोपाऱ्यात नाही, ही खंत आहेच.

परंतु या बंदराचे खरे वैभव कळते ते दानलेखांतून. क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याने शूर्पारक, भरुकच्छ, दशपुर व गोवर्धन येथे धर्मशाळा बांधल्याचे नाशिकच्या लेण्यात कोरले आहे. त्याच लेण्यातील दुसरा लेख विश्वस्तांनी अवश्य अभ्यासावा. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे 2,000 कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. वर्षाचे व्याज 240. वर्षावासातील 20 भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी 12, म्हणजे तेही 240. हिशेब पै न पै जुळतो! आजच्या भाषेत हा कायम निधीच होय, आणि तो सांभाळणारे सावकार नव्हते, कापड विणणारे होते.

जैन परंपरेतही सोपाऱ्याचे स्थान मोठे आहे. बारा वर्षांच्या दुष्काळात येथील एक श्रेष्ठिकुटुंब लक्ष मुद्रांचे अन्न शिजवून त्यात विष कालवण्याच्या बेतात होते. आचार्य वज्रसेनांनी त्यांना थांबविले; दुसऱ्या दिवशी धान्याची गलबते आली. त्या श्रेष्ठीच्या नागेंद्र, चंद्र, निवृत्ती व विद्याधर या चार पुत्रांनी दीक्षा घेतली आणि त्यांच्या नावांनी चार कुले प्रसिद्ध झाली. कथेतील चमत्कार श्रद्धेचा विषय. परंतु भूमीवर पीक बुडाले असता अन्न समुद्रमार्गे येते, हे ज्ञान बंदरवासीयांचेच.

माल घेऊन बैलांचे तांडे नाणेघाट चढून जुन्नरमार्गे पैठणकडे जात. त्या चढावर सोपाऱ्याच्या गोविंददासाने पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दान केल्याचा लेख आहे. दान आपल्या नगरात नाही, तर वाटसरूला तहान लागते त्या जागी. नाणेघाटात खडकात कोरलेली टाकी आजही आहेत.