कुत्रा, लिफ्ट आणि आपण
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



गेल्या २५ वर्षांत आपल्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीइतकाच गाजलेला विषय म्हणजे कुत्रा! बँकेत आमची एक शिस्त होती. आधी नियम वाचायचा, मग आवाज चढवायचा.

तर नियम असा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे, बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. लिफ्टचे वेगळे पैसेही घेता येत नाहीत. ही झाली मालकांची जमेची बाजू.

आता नावेची बाजू. खाली नेताना पट्टा हवाच. घाण आपणच उचलायची. लिफ्टचं दार उघडलं की त्याला ‘बस’ म्हणायचं आणि बसला की लगेच खाऊ द्यायचा. मारू नका, घाबरलेला कुत्रा चावू शकतो. आत कुणी घाबरणारं असेल, तर आपण पुढच्या खेपेला जावं.

सगळ्यात महत्त्वाची रेबीजची लस. पिल्लू ३ महिन्यांचं झालं की पहिली, पुढे डॉक्टर सांगतील तशी. या रोगाची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही. म्हणून चावा असो की ओरखडा, जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. ‘घरचाच आहे’ म्हणून थांबू नका.

यापुढे आपल्या नोटीसबोर्डावर कुत्र्यांच्या तक्रारींऐवजी त्यांच्या लसीच्या तारखा लागाव्यात, एवढीच इच्छा.