घरातल्या छळाचा आरोप आणि बचावाचा हक्क



बायकोला छळल्याचा आरोप ज्याच्यावर आहे, त्याच्या बचावाविषयी बोलायचे म्हटले की पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. ‘असल्या माणसाला बचाव कसला?’ असे एक जण विचारतो. आणि त्याच सभेच्या दुसऱ्या कोपऱ्यातून ‘हल्ली सगळ्या तक्रारी खोट्याच असतात’ असे कोणी पुटपुटतो. आम्हाला हे दोन्ही उद्गार सारखेच उतावळे वाटतात. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 18 ते 49 वयाच्या लग्न झालेल्या स्त्रियांपैकी शंभरात सुमारे 29 जणींनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. तेव्हा दुखणे खरे आहे, आणि थोडेथोडके नाही. पण दुखणे गावभर आहे एवढ्यावरून अमुक घरातला अमुक इसम अपराधी ठरत नाही. ते त्याच्यापुरते, पुराव्यानेच ठरवावे लागते.

आरोप झाला की घरात पहिली धावपळ होते ती ओळखीच्या माणसांकडे. वास्तविक आधी हाती आलेला कागद नीट वाचावा. कारण कागद दोन जातींचे असतात. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज असेल, तर बोलावणे मॅजिस्ट्रेटचे असले तरी नवरा तेथे आरोपी नव्हे, गैरअर्जदार असतो. बाईला संरक्षण, राहायला जागा, खर्चाला पैसे आणि मुलांचा तात्पुरता ताबा मिळावा, एवढ्याचसाठी तो अर्ज असतो. तेथे अटकेच्या भीतीने दडून बसणे हा शुद्ध वेडेपणा होय. तारखेला गेले नाही तर एकतर्फी हुकूम होतो. आणि संरक्षणाचा हुकूम मोडला, म्हणजे मग मात्र एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तेथला बचाव म्हणजे वेळेवर दिलेले लेखी म्हणणे आणि मिळकतीचे खरे शपथपत्र. हुकूम अन्यायाचा वाटला तर 30 दिवसांत सेशन्स कोर्टात अपील आहे.

दुसरा कागद फौजदारीचा. भारतीय दंडविधानातले कलम 498-अ हे 1983 साली आले. 1 जुलै 2024 पासून तोच गुन्हा न्याय संहितेच्या 85 व्या कलमात आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, शिवाय दंड. मात्र संसारातले प्रत्येक भांडण म्हणजे क्रूरता नव्हे. बाई जीव द्यायला प्रवृत्त व्हावी किंवा तिच्या देहामनाला गंभीर इजा व्हावी असे हेतुपुरस्सर वागणे, किंवा तिच्याकडून वा तिच्या माहेराकडून बेकायदा पैसा-चीजवस्तू उकळण्यासाठी केलेला जाच, यालाच कायदा क्रूरता म्हणतो. म्हणून फिर्याद हाती आली की पाहायचे ते हे : कोण, केव्हा, कोठे आणि काय बोलला किंवा वागला.

येथे पुण्यातल्याच एका खटल्याची आठवण देणे आम्हाला आवश्यक वाटते. 1982 सालच्या जूनमध्ये एका नवविवाहितेचा सासरी विषाने मृत्यू झाला. पुण्याच्या सेशन्स कोर्टाने नवऱ्याला फाशी सांगितली. मुंबई हायकोर्टाने ती कायम केली. मुलीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे पुढे होती आणि त्यांतून तिचे दुःख दिसत होते. तरीही 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याला सोडले. ती दुःखी होती हे वेगळे आणि तिचा खून झाला हे वेगळे. आत्महत्येची शक्यता उरते तोवर खून शाबीत नाही, असा त्याचा आशय. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कशी असावी याचे जे ‘पंचशील’ तेथे सांगितले गेले, ते आज देशातल्या कोर्टाकोर्टांत वाचून दाखवतात. त्या निकालाने ज्यांचे मन पोळले त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. छळाचे कलम आले ते त्या मृत्यूनंतर, 1983 च्या डिसेंबरात, आणि मागल्या कृत्याला नवा गुन्हा लावता येत नाही. पण म्हणून खुनाचा पुरावा पातळ करून चालले असते काय? आमच्या मते नाही. त्रुटी कायद्यात होती; तिची भरपाई एका माणसाच्या गळ्याने करता येत नाही.

अटकेविषयी लोकांच्या मनात अजून जुनीच धास्ती आहे. 2014 साली अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, कलम लागले म्हणून आपोआप अटक करायची नाही. अटकेची गरज का आहे ते पोलिसांनी लिहून दाखवावे, एरवी हजर राहण्याची नोटीस द्यावी. नोटीस आली की जावे, जबाब द्यावा. अटकपूर्व जामिनाची वाट आहेच. त्याच निकालात 2012 चे आकडे आहेत : या कलमाखाली 1,97,762 जणांना अटक, आणि खटल्यांत दोषी ठरण्याचे प्रमाण अवघे 15 टक्के. हा आकडा दाखवून उरलेल्या 85 फिर्यादी खोट्या होत्या असे सांगणारे पुष्कळ भेटतात. हा हिशेब चुकीचा आहे. कोठे तडजोड होते, कोठे साक्षीदार उलटतो, कोठे शेजाऱ्यांना भिंतीपलीकडचे काहीच ऐकू आलेले नसते.

मात्र सबंध घराला गोवण्याची खोड खरीच आहे. 2010 च्या प्रीती गुप्ता निकालात नणंद नवसारीला आपल्या संसारात, दीर गोरेगावला, आणि फिर्याद झारखंडातली! त्या दोघांविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. अशा वेळी भाड्याची पावती, नोकरीची हजेरी, प्रवासाचे तिकीट हेच कामाला येते.

आता बचावाच्या नावाखाली जे चालते त्याविषयी थोडे. ‘तिची चालचलणूकच बरी नव्हती’ असे उलटतपासणीत विचारायला लावणारे अशील आम्ही पाहिले आहेत. त्याने पैशाची मागणी झाली नव्हती हे कसे शाबीत होते, ते आम्हाला अद्याप उमगलेले नाही. दुसरे, तिचे दागिने अडवून ठेवणे. स्त्रीधन हे तिचेच, ते सासरच्यांकडे केवळ ठेव म्हणून असते, हे 1985 सालीच ठरले आहे. ते दाबून बसणारा स्वतःवर विश्वासघाताचा आणखी एक गुन्हा ओढवून घेतो. यादी करावी, पावती घ्यावी, परत करावे. तिसरे, मोबाइलमधले संदेश पुसून टाकणे. आपल्या बाजूचे संदेशही त्याबरोबर जातात, हे रागाच्या भरात कोणाच्या लक्षात येत नाही.

वकील परवडत नाही म्हणून कोणी घरी बसू नये. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला, मग तिची मिळकत कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. आणि कोठडीत असलेल्या आरोपीलाही मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याचे कार्यालय असते. साधा अर्ज द्यायचा असतो, आणि फिर्यादी बाईने व तिच्या नवऱ्यासाठी आलेल्या त्याच्या आईने तो एकाच खिडकीवर दिला, तरी कायद्याला त्यात काही वावगे वाटत नाही.