जवानाच्या पाठीमागे झालेला हुकूमनामा

कात्रजच्या बंद फ्लॅटच्या दाराला समन्स चिकटवलं, जवान मात्र सीमेवर; कर्जवसुलीचा एकतर्फी हुकूमनामा होऊन जातो. वास्तविक दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार सैनिकाचं समन्स कमांडिंग ऑफिसरकडे धाडायला हवं. म्हणून आदेश 9, नियम 13 खाली हुकूमनामा रद्द करून मागता येतो. मुदत 30 दिवस. समन्स रीतसर बजावलंच नसेल, तर हुकूमनामा कळल्यापासून. सुनावणीची तारीख जवानाला पुरेशी आधी ठाऊक होती असं दिसलं, तर मात्र बजावणीतली निव्वळ चूक पुरत नाही. युद्धकाळातल्या किंवा विशेष परिस्थितीतल्या सेवेला 1925 चा सैनिकांच्या दाव्यांविषयीचा कायदाही आधार देतो. मग बँकेने पैसे सोडायचे का? मुळीच नाही. दावा बुडत नाही, दुसरी बाजू ऐकून पुन्हा चालतो. कोर्ट खर्चाची किंवा रक्कम भरण्याची अटही घालू शकतं.