रंग, फवारा आणि पाइप : विखुरक द्रव्यांची कामगिरी



शाळेच्या भिंतींसाठी आणलेला रंग डब्याच्या तळाशी दगडासारखा घट्ट बसलेला आढळतो. शेतकऱ्याच्या फवारणी पंपाचे तोंड औषधाच्या साक्याने तुंबते. नळयोजनेचा नवा पाइप थोड्याशा आघाताने चिरतो. या तीन तक्रारी ग्रामपंचायतीच्या बैठकीत वेगवेगळ्या दिवशी येतात. पहिल्या दोहोंच्या मुळाशी, आणि तिसरीच्या अनेक कारणांपैकी एक म्हणून, एकच गोष्ट असू शकते. ती म्हणजे, न विरघळणारी बारीक भुकटी द्रवात नीट विखुरली गेलेली नसते.

मीठ पाण्यात विरघळते. चुनखडीची पूड, गेरू किंवा काजळ विरघळत नाही. त्यांचे कण फक्त तरंगत राहतात, आणि संधी मिळताच एकमेकांस चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. गुठळी जितकी मोठी, तितकी ती लवकर खाली बसते. हे कण सुटे राहावेत म्हणून जी अल्पशी रसायने मिसळतात त्यांना कारखान्यांत ‘डिस्पर्सिंग एजंट’ म्हणतात. मराठीत त्यांना विखुरक द्रव्ये म्हणण्यास हरकत नाही.

जुन्या शाईचे शास्त्र

हे तंत्र खानदेशास नवे नाही. धुळे येथे १९२७ साली स्थापन झालेल्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळात आणि तेथीलच श्री समर्थ वाग्देवता मंदिरात जुनी हस्तलिखिते जतन केलेली आहेत. पूर्वी असे लेखन प्रामुख्याने काजळाच्या शाईने होत असे. दिव्याचे काजळ नुसत्या पाण्यात टाकले तर ते पाण्यावर तरंगते, भिजतसुद्धा नाही. म्हणून ते डिंकाच्या पाण्यात दीर्घकाळ घोटीत असत. घोटण्याने गुठळ्या फुटत आणि डिंकाचे लांब रेणू प्रत्येक कणाभोवती गुंडाळले जाऊन कणांना पुन्हा एकत्र येऊ देत नसत. शाई वाळल्यावर तोच डिंक काजळ कागदास धरून ठेवी. डिंक हे विखुरक द्रव्यच होय. सातपुड्याच्या जंगलात धावड्याचा डिंक गोळा करणाऱ्या आदिवासी कुटुंबांच्या हाती असलेला माल आधुनिक उद्योगातही अशाच कामी येतो.

तीन पायऱ्या

आजच्या कारखान्यातही त्याच तीन पायऱ्या आहेत : भुकटी भिजविणे, गुठळ्या फोडणे आणि सुटे झालेले कण सुटेच ठेवणे. विखुरक द्रव्य हे शेवटचे काम दोन प्रकारे करते. काही द्रव्ये कणांवर सारखाच विद्युतभार चढवितात, त्यामुळे कण एकमेकांस दूर लोटतात. सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट व सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट ही मुख्यतः या वर्गातील होत. दुसऱ्या प्रकारची द्रव्ये डिंकाप्रमाणे कणांभोवती लांब साखळ्यांचे कुंपण घालतात. लाकडाच्या लगद्यापासून कागद तयार करताना मिळणारी लिग्नोसल्फोनेटे फवारणीच्या भुकट्यांत वापरली जातात; ती दोन्ही प्रकारे उपयोगी पडतात.

पांढऱ्या रंगातील टायटॅनियम डायऑक्साइडचा कण सुमारे पाव मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या चार हजाराव्या भागाएवढा असतो. तो सुटा राहिला तरच भिंत नीट झाकली जाते. गुठळी झाली की महाग भुकटी वाया जाते आणि तेवढ्याच भिंतीस अधिक रंग लागतो. या कामी लागणारे विखुरक द्रव्य भुकटीच्या वजनाच्या शेकडा एकाच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी असते. मात्र ते जास्त झाले तर वाळलेला रंग पाण्याने लवकर सुटतो. तेव्हा अधिक घातले म्हणजे अधिक चांगले, हा समज येथे चालत नाही.

जळगाव हे पीव्हीसी पाइप आणि प्लॅस्टिकच्या चटया यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथेही हाच प्रश्न असतो. फक्त द्रव म्हणजे पाणी नव्हे, तर वितळलेले प्लॅस्टिक. पाइपमध्ये कॅल्शियम कार्बोनेटची पूड भरण म्हणून घालतात. तिचे कण नीट मिसळावेत यासाठी त्यांवर स्टिअरिक आम्लाचा पातळ लेप देतात. गुठळी राहिली तर पाइप त्या जागी कमजोर होतो, आणि भरण प्रमाणाबाहेर गेले तर सर्वच पाइप ठिसूळ होतो. म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी पीव्हीसी पाइप घेताना ग्रामपंचायतीने केवळ दर न पाहता त्यावर भारतीय मानक ४९८५ चे चिन्ह आहे किंवा नाही हे पाहणे अगत्याचे आहे.

पाण्याचा गुण

खानदेशातील अनेक विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी जड आहे. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम विद्युतभारावर चालणाऱ्या विखुरक द्रव्यांची शक्ती खच्ची करतात. म्हणूनच पाण्यात मिसळणाऱ्या कीडनाशक भुकट्यांची तरंगण्याची चाचणी प्रयोगशाळेत मुद्दाम जड केलेल्या पाण्यात घेतात. या पाण्याचा जडपणा दर दहा लाख भागांत ३४२ भाग असतो, आणि अर्ध्या तासानंतर किती भुकटी तरंगत राहिली हे मोजले जाते. केळी वा भाजीपाल्यावर ताम्रयुक्त बुरशीनाशक फवारणाऱ्या शेतकऱ्याने भुकटी एकदम टाकीत ओतू नये. हातमोजे घालून, थोड्या पाण्यात काठीने तिची सैलसर खळ करावी, मग उरलेले पाणी घालावे, आणि फवारणी संपेपर्यंत मिश्रण हलवीत राहावे. अन्यथा शेताच्या एका टोकास औषध कमी व दुसऱ्या टोकास जास्त पडते. पीकही जाते आणि पैसाही. शक्य तेथे साठविलेले पावसाचे पाणी वापरणे हितावह ठरते.

उलट बाजू

विखुरणे सर्वत्र इष्ट नसते. पावसाळ्यात तापी व गिरणेचे गढूळ पाणी तुरटीने निवळते, ते नेमक्या उलट क्रियेमुळे. तुरटी मातीच्या कणांवरील विद्युतभार निष्प्रभ करते. कण एकत्र येऊन तळाशी बसतात. विखुरक द्रव्य असलेले सांडपाणी मात्र सहजासहजी निवळत नाही. रंगाचे कुंचले धुतलेले किंवा फवारणी पंप विसळलेले पाणी नाल्यात अथवा विहिरीजवळ ओतणे म्हणूनच विशेष घातक होय.

शिक्षकांना हा सारा विषय दोन काचेच्या पेल्यांत दाखविता येईल. दोहोंत पाणी व चमचाभर काळी माती ढवळावी. एकात अगदी चिमूटभर धुण्याचा सोडा आणि दुसऱ्यात तुरटी टाकावी. काही तासांनी तुरटीचा पेला निवळलेला, तर सोड्याचा गढूळच दिसेल. मृदा प्रयोगशाळेत मातीतील चिकण कणांचे प्रमाण काढण्यापूर्वी माती अशाच प्रकारे, सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घालून, विखुरली जाते.

विखुरक द्रव्याचे नाव खरेदीच्या बिलावर सहसा दिसत नाही. तरीही भिंत किती वर्षे टिकेल, औषध पानावर सारखे बसेल काय आणि पाइप दाब सोसेल काय, हे काही अंशी त्यावर अवलंबून असते. सार्वजनिक पैशातून खरेदी करणाऱ्यांनी मानक-चिन्ह, मिसळण्याची रीत आणि पाण्याचा गुण या तीन गोष्टींकडे लक्ष पुरविले, तर गावाचे बरेच नुकसान खर्च न वाढविता टळू शकेल.