शिक्षक परीक्षेंत कां अडतो ?

मुलांची परीक्षा घेणाऱ्यास स्वतः परीक्षेस बसावें लागलें म्हणजे लोकांना थोडी गंमत वाटते. ज्यास बसावें लागतें त्यास मात्र ती वाटत नाहीं. शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालीं झाला. त्याच्या पाठोपाठ पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकवूं इच्छिणारांसाठीं पात्रता परीक्षा आली, आणि महाराष्ट्रांत ती २०१३ पासून राज्य परीक्षा परिषद घेऊं लागली. पदविका हातीं असूनहि ही परीक्षा उतरल्यावांचून नेमणूक नाहीं. उत्तीर्णांची संख्या तर बहुतेक खेपेस थोडीच भरते. तेव्हां अध्यापक विद्यालयेंच निकामी झालीं, असा निकाल पुष्कळ घरांतून चहाच्या पेल्याबरोबर दिला जातो. तो पुरता खरा नव्हे.

प्रश्नपत्रिकेकडेच पाहावें. पहिली ते पांचवीच्या शिक्षकांसाठीं असलेल्या पेपरांत १५० प्रश्न, १५० गुण आणि वेळ १५० मिनिटें. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांस प्रत्येकीं ३० गुण. उत्तीर्ण होण्यास ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. राखीव प्रवर्गांस ५५ टक्के पुरतात. चुकलेल्या उत्तराबद्दल गुण कापीत नाहींत, एवढी सवलत आहे. परंतु एका प्रश्नास एकच मिनिट, आणि त्यांतच भाषेचे उतारे वाचावयाचे ! ज्याचें वाचन पाठ्यपुस्तकापलीकडे गेलें नाहीं, तो उतारा दोनदां वाचतो. तीं मिनिटें गणिताच्या वांट्यांतून जातात.

आणि गणितांतच खरी मेख आहे. एका मुलानें १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहिली. त्याची समजूत कोठें चुकली, असें विचारलें तर? लसावि काढून ५/६ हें उत्तर पुष्कळांस काढतां येतें. परंतु अर्धी भाकरी आणि वर तिसरा हिस्सा, हीं दोन्ही मिळून अर्ध्या भाकरीहूनहि कमी कशीं भरतील, हें मुलास दाखवावयाचें तर अपूर्णांक स्वतःस उमगलेला असावा लागतो. तो ज्यास पांचवींत उमगला नाहीं, त्यास दोन वर्षांच्या पदविकेंत पुन्हां पहिल्यापासून क्वचितच कोणी शिकवितो; तो येतोच असें धरून चालतात. पाठटांचणें, शैक्षणिक साहित्य आणि सरावपाठ यांत दिवस सरतात. पियाजे आणि वायगॉट्स्की यांचीं नांवें मात्र तोंडपाठ असतात.

याखेरीज घरची परिस्थिति. पदविका होऊन सात-आठ वर्षें लोटलेलीं, मध्यंतरीं लग्न, मूल, खासगी शाळेंतील तुटपुंज्या पगाराची नोकरी, अशा स्थितींतील बाई रात्रीं स्वयंपाकघर आवरून पुस्तक उघडते. मराठी माध्यमाच्या उमेदवारास दुसरी भाषा म्हणून बहुधा इंग्रजीच असते, तिचा वेगळाच धाक. शिकवणी-वर्गाची फी झेपत नाहीं. मग जुन्या प्रश्नपत्रिकांचें एखादें मार्गदर्शक आणून ती उत्तरें पाठ करते, आणि परीक्षेंत प्रश्न फिरवून येतो.

शिकवणी-वर्गांचा फार हेवा करण्याचें कारण नाहीं. तेथें वेळेचा सराव होतो, हा लाभ खरा. पण तो घड्याळ समोर ठेवून घरींहि साधतो. अपूर्णांकाची गोष्ट तशी नव्हे. त्यासाठीं मुलाचेंच पांचवीचें गणिताचें पुस्तक पहिल्या पानापासून सोडवावयास बसावें लागतें. यांत थोडा संकोच वाटतो, कारण मूल शेजारींच असतें आणि तें आईची चूक दाखवितें. "पण असं कां ?" असें त्यानें विचारलें कीं पाटी बाजूस ठेवून टोपल्यांतली भाकरी मोडून दाखवावी लागते.