बँकेतील बचत खाते : वापर आणि राखण

(खारी, भाईंदर पूर्व येथील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



खारीत बोलायला यायचे ठरले तेव्हा खार जमिनीतील भात हाच विषय मी डोळ्यांपुढे ठेवला होता. पनवेलच्या संशोधन केंद्राने खार जमिनीसाठी दिलेल्या भाताच्या जाती, रोपांचे वय, बांधबंदिस्ती अशी टिपणेही काढली होती. परंतु मेळावा ठरवणाऱ्या मंडळींनी स्पष्टच सांगितले, "सर, भात आता किती जणांकडे उरला आहे? जमिनीचे पैसे मात्र बँकेत आहेत. त्याविषयी काही सांगा." हा विषय माझ्या विद्याशाखेचा नव्हे. पण खातेदार मीही आहे, आणि आमच्या घराने खात्यातील एका चुकीची किंमत मोजलेली आहे. तेव्हा जे ठाऊक आहे तेवढेच सांगतो.

भाईंदरची नगरपरिषद १९८५ साली झाली, महानगरपालिका २००२ साली. मिठागरे आणि भातखाचरे यांच्या जागी इमारती आल्या. ज्या कुटुंबाची मालमत्ता पूर्वी सात-बाऱ्यावर होती, ती आता पासबुकावर आहे. हा फरक आपण नीट लक्षात घेतलेला नाही. जमीन रात्रीतून कोणी उचलून नेत नाही. शेजाऱ्याने बांध कोरला तर सकाळी दिसतो. खात्यातील रक्कम मात्र आपण झोपलेले असताना जाते, आणि पासबुक सहा महिने भरून घेतले नसेल तर सहा महिने कळत नाही.

खारभूमीची रचना आपल्याला सांगायला नको. खाडीकडील पाणी अडवायला बाहेरकाठा असतो आणि पाण्याचा निचरा व्हावा म्हणून उघाडी ठेवलेली असते. उघाडी एकच असते आणि तिच्यावर नजर असते. बाहेरकाठ्याला जागोजागी भोके पाडून कोणी शेती करत नाही. खात्याचेही असेच करावे. रोजच्या वापराचे एक खाते असावे. फोनवरील यूपीआय, एटीएम कार्ड, वीजबिल, दुकानदाराचे देणे हे सर्व त्याच खात्यातून व्हावे आणि त्यात महिना-दीड महिन्याच्या खर्चाइतकीच रक्कम असावी. मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात आणि मुदत ठेवीत ठेवावी. त्या दुसऱ्या खात्यावर एटीएम कार्ड घेऊ नये, नेट बँकिंग घेऊ नये, ते यूपीआयला जोडू नये. मोबाइलवर संदेश येण्याची सोय मात्र जरूर ठेवावी. पैसे लागले तर बँकेत जाऊन सही करून काढावेत. थोडा त्रास होईल, तो झालेला बरा.

शिवाय मोठी रक्कम बचत खात्यात पडून राहण्यात फायदाही नाही. स्टेट बँकेने जून २०२५ मध्ये बचत खात्याचा व्याजदर अडीच टक्के केला. मुदत ठेवीला त्याहून बरेच अधिक मिळते.

आता बँक कोणती, हा प्रश्न. आपल्याच भागातील उदाहरण घेऊ. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे, म्हणजे पीएमसी बँकेचे मुख्य कार्यालय भांडुपला होते. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवीदारांना कळले की खात्यात कितीही रक्कम असो, फक्त १,००० रुपये काढता येतील. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली. जून २०२० मध्ये ती १ लाखावर गेली. बँकेने बहुतांश कर्ज एकाच बांधकाम समूहाला दिले होते आणि ते खोट्या खात्यांच्या आड झाकले होते, असे चौकशीत पुढे आले. ठेवीदाराला हे कळण्याचा मार्गच नव्हता. बँकेचे हिशेब तपासलेले होते, शाखेत गर्दी होती, व्याज वेळेवर जमा होत होते. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, आणि ज्यांची ठेव ५ लाखांच्या वर होती त्यांना उरलेल्या रकमेसाठी दहा वर्षांपर्यंतचे टप्पे लावून देण्यात आले. साठीच्या माणसाने दहा वर्षे थांबायचे म्हणजे काय, हे मी सांगण्याची गरज नाही. त्यानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवरही निर्बंध आले.

यावरून सर्व सहकारी बँका वाईट, असा अर्थ काढू नये. सहकारानेच आपल्याला सावकाराच्या दारातून बाहेर काढले आहे. अर्थ एवढाच की ठेव विम्याची मर्यादा पाहून रक्कम विभागावी. ही मर्यादा १९९३ पासून १ लाख रुपये होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद आहे. येथे बरेच जण एक चूक करतात. ५ लाख हे प्रत्येक खात्याला नव्हे, एका ठेवीदाराला एका बँकेत मिळतात. बचत, चालू आणि मुदत ठेव, निरनिराळ्या शाखांतील रकमा आणि त्यांवरील व्याज हे सर्व एकत्र मोजले जाते. म्हणून भाईंदरच्या आणि बोरिवलीच्या अशा एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे ठेवून काही साधत नाही. बँका वेगवेगळ्या हव्यात. आणि पतसंस्थेतील ठेवीला हा विमा मुळीच लागू नाही. पतसंस्था दोन टक्के जास्त का देते, हे तेथे पैसे भरण्यापूर्वी स्वतःला विचारावे.

आता चेकबुकाविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण आमच्या घराला फटका बसला तो येथेच.

मी पदव्युत्तर शिक्षण घेत होतो तेव्हाची गोष्ट. वडिलांनी एका दुकानातून भातासाठी खत आणि औषधे उधारीवर आणली. दुकानदाराने "सही करून एक कोरा चेक ठेवा, बाकी काही नको" असे सांगितले आणि वडिलांनी तो दिला. उधारी अठरा हजारांची होती. भात विकल्यावर वडिलांनी ती दोन हप्त्यांत रोखीने फेडली. पावती घेतली नाही आणि चेकही परत मागितला नाही, कारण माणूस ओळखीचा होता. दोन वर्षांनी काही कारणाने बिनसले आणि तोच चेक सेहेचाळीस हजारांचा होऊन बँकेत गेला. खात्यात नऊ हजार होते. चेक वटला नाही, आणि वकिलाची नोटीस घरी आली. मी कृषिविद्येची पुस्तके बाजूला ठेवून प्रथमच तो कायदा वाचला. चेक न वटल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली तर खटला उभा राहत नाही. फेडल्याचा पुरावा आमच्याकडे नव्हता. पंधराव्या दिवसाच्या आत आईच्या पाटल्या गहाण पडल्या. वडील पुढे कित्येक महिने त्या दुकानावरून जाणे टाळत होते. चूक दुकानदाराची, आणि मान खाली यांची.

कोऱ्या चेकवर सही म्हणजे न भरलेली रक्कम मान्य असल्याची सही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात स्पष्ट केले की स्वेच्छेने सही करून दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला, तरी तो देण्यापोटी दिला असेच कायदा गृहीत धरतो. तसे नव्हते हे आपण सिद्ध करायचे. म्हणून चेक देताना नाव, तारीख, अंकी व अक्षरी रक्कम स्वतः लिहावी, डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारून 'फक्त खात्यात जमा' असे लिहावे, रकमेपुढे 'फक्त' लिहून उरलेल्या जागेवर रेघ ओढावी. चेकबुकाच्या नोंदपानावर कोणाला, कशासाठी हे टिपावे. तारणाचा चेक द्यावाच लागला तर त्यावर रक्कम घालावी, तो तारणासाठी असल्याचे वेगळ्या कागदावर लिहून घ्यावे आणि देणे फिटताच चेक परत घेऊन फाडावा. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो. "दोन दिवसांनी पैसे भरू" या हिशेबाने चेक देण्याची सवयही आता सोडावी. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत वटवले जातात. सकाळी भरलेला चेक त्याच दिवशी आपल्या खात्यावर येऊ शकतो.

फोनच्या बाबतीत तरुण मंडळी माझ्यापेक्षा जाणती आहेत, तरी दोन-तीन गोष्टी सांगतो. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार आहेत असे समजावे. भाजी विकणाऱ्या भगिनींनी गिऱ्हाइकाच्या फोनवरील चित्र पाहून माल देऊ नये, आपल्या खात्यात जमा झाल्याचा संदेश किंवा आवाज आल्यावरच द्यावा. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एपीके फाइल उघडू नये. ती फोनमधील संदेश चोरते. ज्यांनी जमिनीचे व्यवहार केले आहेत त्यांच्या अंगठ्याचे ठसे दस्तांवर आहेत. अशा ठशांची नक्कल करून आधारवर पैसे काढल्याचे प्रकार देशात घडले आहेत. त्यासाठी आधारच्या अ‍ॅपमधून ठशांना कुलूप लावता येते. रेशनच्या वेळी ते थोडा वेळ उघडावे लागते, एवढीच अडचण.

आता पासबुकाकडे वळतो. महिन्यातून एकदा, ठराविक दिवशी ते भरून घ्यावे आणि घरी ओळीओळीने वाचावे. न ओळखलेली नोंद दिसली की त्याच दिवशी बँकेत लेखी कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. फसवणूक झाली असेल तर प्रथम १९३० या क्रमांकावर फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी अडवता आले तरच हाती लागतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या निर्देशांनुसार आपली चूक नसताना रक्कम गेली आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर तोटा खातेदारावर पडत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा आपला. म्हणून लाज वाटून घरात दडवण्यात दुहेरी नुकसान आहे.

पासबुकात एक छोटी नोंद आवर्जून शोधावी. सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये आणि जीवन ज्योती योजनेचे ४३६ रुपये मे महिन्यात आपोआप कापले जातात. विमा १ जूनपासून वर्षभर चालतो. दोन्हींत दोन लाखांचे संरक्षण आहे. त्या वेळी खात्यात तेवढीही शिल्लक नसेल तर विमा खंडित होतो आणि घरच्यांना ते अपघात झाल्यावरच समजते. खाडीत होडी घालणाऱ्यांनी तरी हे वीस रुपये चुकवू नयेत.

वारस-नोंद झाली आहे का, हेही पाहावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नावांपर्यंत नोंद करता येते. नोंदवलेली व्यक्ती रक्कम स्वीकारते. मालकी कायदेशीर वारसांचीच राहते, त्यामुळे भावाबहिणींनी यावरून भांडू नये. वडिलांचे जुने खाते दोन वर्षे व्यवहाराविना राहिल्याने बंद पडले असेल, तर रक्कम बुडालेली नाही. दहा वर्षांनंतर ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, तरी वारसांना कागदपत्रे देऊन मागता येते.

भाषण येथे थांबवतो. पासबुक बरोबर आणा असे निरोपात कळवले होते. ज्यांनी आणले आहे त्यांनी पुढच्या बाकावर यावे, आपण एकेक पान बसून वाचू. चष्मा विसरलेल्यांसाठी माझे विद्यार्थी आहेत.