नकाशाचा फोटो नको, फाइल पाठवा



फाइलचे प्रकार हा विषय ऐकल्यावर दोघा-तिघांनी चहाच्या टेबलाकडे पाहिलं, ते मला दिसलं. हरकत नाही. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, अशा नजरांची मला सवय आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी गेले काही आठवडे आपापल्या वस्तीत फिरून सार्वजनिक नळ, तुंबलेली गटारं, बंद पथदिवे, अंगणवाड्या यांच्या नोंदी केल्या. उन्हातान्हात केलेलं काम आहे. पण ते माझ्यापर्यंत पोहोचलं कसं? व्हॉट्सअ‍ॅपवर, स्क्रीनशॉट म्हणून. हिरव्या नकाशावर लाल ठिपके. दिसायला छान, पण त्यातली गटारं मोजता येत नाहीत, पुढच्या पावसाळ्यानंतरच्या नोंदींशी ताडून पाहता येत नाहीत आणि महापालिकेच्या अभियंत्याला ते त्याच्या नकाशावर ठेवताही येत नाहीत. तो ‘वा, छान’ म्हणतो आणि कागद फायलीत लावतो. फोटोला उत्तर द्यावं लागत नाही. आकडे आणि जागा असलेल्या फाइलला द्यावं लागतं.

फाइलमध्ये असतं तरी काय? जागा सांगणारे दोन आकडे, अक्षांश आणि रेखांश, आणि त्यांच्या सोबतची माहिती: हा नळ आहे, सकाळी एक तास पाणी येतं, तोटी तुटलेली आहे. एवढंच. हे लिहायच्या पद्धती मात्र अनेक आहेत, कारण त्या वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या कामांसाठी बनवल्या.

केएमएल तुम्हाला सर्वांत आधी भेटेल. यातला ‘के’ म्हणजे कीहोल. ही अमेरिकेतली कंपनी गूगलने २००४मध्ये विकत घेतली आणि तिच्या सॉफ्टवेअरमधून पुढे गूगल अर्थ आलं. २००८मध्ये केएमएल खुलं प्रमाण झालं. म्हणजे आता ते कोणत्याही सॉफ्टवेअरला वाचता-लिहिता येतं, कुणाची परवानगी लागत नाही. केएमएलमध्ये ठिकाणासोबत त्याचा रंग, चिन्ह, टिचकी मारल्यावर उघडणारा मजकूर असं सगळं मावतं. दाखवायला उत्तम. केएमझेड म्हणजे तेच, झिप करून बांधलेलं.

जीपीएक्स आली जीपीएस यंत्रांसाठी, २००२मध्ये. तुम्ही चालत गेलात तर कुठून कुठे, किती उंचीवर आणि किती वाजता, हे ती लिहून ठेवते. त्या ‘किती वाजता’कडे मी परत येणार आहे.

तिसरी जिओजेसन. वेबवर नकाशे करणाऱ्या आम्हा लोकांची ही लाडकी. साध्या मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते आणि मराठी नावं जशीच्या तशी राहतात. तिचं अधिकृत प्रमाण २०१६चं. एक अडचण आहे: गूगलच्या माय मॅप्समध्ये ती थेट चढत नाही, तिथे केएमएल, जीपीएक्स किंवा एक्सेलचा तक्ताच लागतो.

आता एक गंमत. आपण बोलताना ‘अक्षांश-रेखांश’ म्हणतो, गूगल मॅप्सवरून पिनचे आकडे घेतले तरी आधी अक्षांशच येतो. मुंबईचे साधारण १९.०७ आणि ७२.८७. पण जिओजेसन आणि केएमएलमध्ये क्रम उलटा असतो: आधी रेखांश, मग अक्षांश. आकडे कॉपी करून तसेच चिकटवले की तुमचा कुर्ल्याचा नळ नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिकच्या समुद्रात जाऊन पडतो. पाणी भरपूर, पण आपल्या कामाचं नाही. नकाशावर ठिपके दिसत नसतील, तर पहिल्यांदा हा क्रम तपासा.

सरकारी कार्यालयाकडून माहिती मागवलीत, तर बहुधा शेपफाइल हाती येईल. १९९०च्या दशकातली, एझ्री या कंपनीची, अजून सगळीकडे चालते. नाव एकवचनी असलं तरी ती एक फाइल नसतेच. आकृतीची वेगळी, तिच्या सूचीची वेगळी, माहितीच्या तक्त्याची वेगळी. या तिन्ही हव्यातच. शिवाय आकडे कोणत्या मोजणीपद्धतीत आहेत ते सांगणारी चौथी. कोणी त्यातली एकच पाठवली, तर ‘साहेब, बाकीच्या?’ असं विचारायचं. सगळ्या एकाच झिपमध्ये मागा.

मराठीसाठी शेपफाइल वाईट आहे, आणि हे मी चिडून सांगतो. तिच्या तक्त्यात स्तंभाच्या नावाला दहा बाइट मिळतात. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये बसतं. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खातं. म्हणजे ‘गटाराची स्थिती’ या स्तंभाचं उरतं फक्त ‘गटा’. लिपीची खूण सांगणारी आणखी एक छोटी फाइल सोबत नसेल, तर आतला मजकूरही प्रश्नचिन्हांची रांग बनू शकतो. आपल्या मोहल्ल्यांची, गल्ल्यांची नावं आधीच कागदोपत्री धड लिहिली जात नाहीत. निदान आपण तयार केलेल्या फाइलमध्ये तरी ती पुसली जाऊ नयेत. म्हणून शेपफाइल घ्या, पण क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून मराठी नोंदी जिओजेसन किंवा जिओपॅकेजमध्ये जपा. जिओपॅकेज ही खरोखरच एक फाइल असते.

आता त्या ‘किती वाजता’कडे. जानेवारी २०१८मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपने जगभरच्या धावण्याच्या वाटांचा नकाशा प्रसिद्ध केल्याचं लोकांच्या लक्षात आलं. नावं कुणाचीच नव्हती. तरी सीरिया, अफगाणिस्तानात सैनिकांच्या धावण्यावरून लष्करी तळांच्या आकृत्या उमटल्या. सैन्याचं हे झालं, तर आपलं काय? सर्वेक्षण करणाऱ्या मुलीने घरापासून जीपीएस सुरू केलं आणि ती जीपीएक्स फाइल गटावर टाकली, तर ती कुठे राहते आणि रोज किती वाजता निघते, हे अनोळखी माणसाला कळतं. ठिकाणं वेगळी काढा, वाट पाठवू नका.

केएमएलच्या त्या टिचकीमागच्या मजकुरातही असंच. काहींनी तिथे घरमालकाचं नाव, फोन नंबर, एके ठिकाणी तर ‘विधवा, एकटी राहते’ असंही लिहिलंय. नकाशावर ते वरून दिसत नाही, पण फाइलबरोबर जातं. घरनिहाय नावांची यादी वाईट दिवसांत कशासाठी वापरली जाते, हे या सभागृहातल्या वडीलधाऱ्यांना मी सांगायची गरज नाही. आपल्याला नळ मोजायचे आहेत, माणसं नव्हे. नावाचा स्तंभ पाठवण्याआधी काढून टाका. नुसता लपवू नका.

दशांशांचंही भान ठेवा. अक्षांशात दशांश चिन्हानंतर पाच अंक म्हणजे साधारण एक मीटर. नळासाठी तेवढे हवेत. तीनच ठेवले तर अचूकता शंभरेक मीटरवर येते. कुणाच्या घराशी जोडलेली तक्रार असेल तर तीन पुरे, गल्ली कळते, दार कळत नाही.

बोलणं पुष्कळ झालं. समोरच्या लॅपटॉपवर परवा आलेली वॉर्डाची केएमएल आहे. ती आपण आधी नोटपॅडमध्ये उघडू, नकाशावर नंतर. ज्यांनी ती केली त्यांनी पुढे या, आणि मागच्यांनी चहा इथेच घेऊन या.